रेंजवरचा शेजारी

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातल्या त्या घरात आम्ही दोघं राहायला आलो आणि वर्षभरात मी एकटा उरलो. बायको दातांची डॉक्टर. न्यूझीलंडमध्ये काम करायचं तर तिला पुन्हा परीक्षा द्याव्या लागणार होत्या, आणि पुण्यातलं तिचं क्लिनिक तोवर दुसरंच कुणीतरी सांभाळत होतं. "सध्या जाते, मग बघू," असं म्हणून ती गेली. भांडण झालं नाही. विमानतळावर तिने मला इस्त्रीचा प्लग सैल झालाय, तो बदलून घे, एवढं सांगितलं आणि आत गेली. ते 'मग बघू' पुढे लांबत गेलं, आणि ते लांबतंय हे फोनवर बोलायचं आम्ही दोघंही टाळू लागलो.

मी वेलिंग्टनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करायचो. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. डब्यात सगळे पेपरात नाहीतर पुस्तकात डोकं घालून बसलेले. शुक्रवारी ऑफिसातून निघालो की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून जे काही शब्द निघत ते कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या किरकोळ दुकानात, दूध आणि परदेशी फोनचं कार्ड घेताना. रविवारी पुण्याला फोन लावला की आधी आवाजच फुटायचा नाही, खाकरून घ्यावं लागायचं. ती विचारायची, "झोपला होतास का?" मी हो म्हणायचो.

शेजारी भेटले ते वाऱ्यामुळे. त्या खोऱ्यात वारा सुटला की घरं कुरकुरतात. असाच एकदा सुटला आणि आमच्या दोन घरांमधलं लाकडी कुंपण आडवं झालं. सकाळी बाहेर आलो तर पलीकडचे गृहस्थ हातोडा घेऊन उभे होते. पासष्टी ओलांडलेले, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "जरा ही फळी धरतोस का?"

मी धरली. त्यांनी खिळे ठोकले. काम संपल्यावर म्हणाले, "फळी धरताना हात हलत नाही तुझा. रविवारी काय करतोस?"

"काही नाही."

"मग चल माझ्याबरोबर. आवाज फार असतो, कानाला लावायला मी देतो."

मला वाटलं, कुठेतरी लाकडं कापायची असतील.

गाडी गेली ती एका टेकडीच्या कुशीत. उतारभर पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स माजलेलं, आणि खाली तीन बाजूंनी मातीचे उंच बांध घातलेली आवारं. त्यांत प्लायवुडच्या भिंती, खिडक्या, ड्रम, आणि त्यांच्याआड पुठ्ठ्याची टार्गेटं उभी केलेली. एक बाई कमरेला पिस्तूल लावून उभी होती. टायमर वाजला, तशी ती भिंतीआडून निघाली, पळत पळत झाडत गेली, मध्येच मॅगझिन बदललं, आणि मला काही कळायच्या आत थांबली. शेजारी म्हणाले, "एका जागी उभं राहून नेम धरण्याचा हा खेळ नव्हे. इथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात. नुसता नेम असून भागत नाही आणि नुसती घाई करूनही."

भागाकाराचा खेळ म्हटल्यावर मला तो लगेच आवडला. पुढच्या रविवारी मी न बोलावता त्यांच्या दारात उभा राहिलो.

स्वतःचं पिस्तूल बाळगायचा परवाना तिथे सहजी मिळत नाही. आधी कित्येक महिने क्लबात यायचं, क्लबचं पिस्तूल वापरायचं, सगळ्यांनी तुम्हाला निरखायचं. मग पोलीस घरी येतात. माझ्याकडे आलेल्या अधिकाऱ्याने भिंतीत बसवलेली तिजोरी हलवून पाहिली, आणि मग सोफ्यावर बसून विचारलं, "तुम्हाला जवळून ओळखणारं इथे कोण आहे?" मी विचार करत राहिलो. ऑफिसातली माणसं मला ओळखत होती, पण माझ्या घरी कुणी कधी आलं नव्हतं. शेवटी मी खिडकीतून कुंपणाकडे बोट दाखवलं. अधिकारी तिकडे गेला आणि बराच वेळ बसला. त्याला काय सांगितलं, असं मी नंतर शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "शांत माणूस आहे, कचऱ्याची पिशवी वेळेवर बाहेर ठेवतो, म्हटलं. आणखी काय माहीत आहे मला?"

आम्ही बोलायचो इंग्रजीत, आणि तिथल्या रीतीप्रमाणे एकेरी नावाने. पण मनातल्या मनात मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचो. वडिलांच्या वयाच्या माणसाला दुसरं काही म्हणणं मला जमलं नाही.

शिकवायला ते कडक होते. त्यांच्या गॅरेजात रिकामं पिस्तूल हातात देऊन ते तासन् तास मला उभं करायचे. डावा हात घट्ट, उजवा त्या मानाने सैल, कारण उजव्या हाताच्या बोटाला चाप दाबायचाय. चाप ओढायचा नाही, सरळ मागे दाबायचा. नजर टार्गेटवर नाही, नळीच्या टोकावरच्या खुणेवर. "टार्गेट धूसर दिसू दे," ते म्हणायचे, "ते कुठे पळून जात नाही." मग ते मी घरी करायचो. पडदे ओढून, भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यावर. एकदा फोन खांद्यात धरून बोलता बोलता हात चालूच राहिला, तर बायकोने पुण्याहून विचारलं, "तो कट् कट् आवाज कसला?"

"चाप दाबायची सवय करतोय. रिकामं आहे."

"तू बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"तिकडे जाऊन बंदुका कशाला रे?" ती म्हणाली, पण उत्तराची वाट न बघता तिने पावसाचं काहीतरी सांगायला सुरुवात केली.

पण खरी मजा नेम शिकण्यात नव्हती, ती आखणीत होती. प्रत्येक स्टेज, म्हणजे भिंती आणि टार्गेटांची एकेक मांडणी, वेगळी रचलेली असते. झाडण्याआधी सगळ्यांना ती चालून बघायला थोडा वेळ देतात. मग धिप्पाड, दाढीवाले पुरुष हाताच्या बोटांचं पिस्तूल करून, ओठांत पुटपुटत भिंतींमधून फिरत असतात. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. शेजारी हसले नाहीत. म्हणाले, "नवशिका टार्गेटं मोजतो. तू उभं राहायच्या जागा मोज. वेळ गोळ्या झाडण्यात जात नाही, मधल्या पावलांत जातो." इतरांनी चार जागांवरून संपवलेली स्टेज ते तीन जागांवरून संपवायचे. एखाद्या कोपऱ्यात थोडं वाकलं की पुढच्या खिडकीतलं टार्गेट तिथूनच दिसतं, हे त्यांना चालतानाच कळायचं. अवघड टार्गेट पाय रोवलेले असतानाच उडवायचं, सोपं शेवटी ठेवायचं, म्हणजे त्याच्यावर झाडता झाडता पाय पुढच्या जागेकडे निघतात. मॅगझिन पळताना बदलायचं, गोळ्या शिल्लक असल्या तरी. लोखंडी पट्टी पाडली की पलीकडचं एक टार्गेट लंबकासारखं झुलायला लागतं, त्याच्याकडे बघत उभं राहायचं नाही. मधल्या वेळात दुसरं काम उरकून मग त्याच्याकडे यायचं.

"आणि सगळं ठरलं की डोळे मिटायचे," ते म्हणायचे. "मिटल्या डोळ्यांना अख्खी स्टेज दिसली पाहिजे. टायमर वाजल्यावर विचार करायचा नसतो. तेव्हा फक्त आठवायचं असतं."

दोन-तीन वर्षं अशी गेली. महिन्यातून एकदा दूरच्या एखाद्या क्लबात मॅच असायची. त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून आम्ही जायचो. जाताना होणाऱ्या स्टेजेसबद्दल बोलायचो, येताना झालेल्या. माझ्या बायकोबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, त्यांच्या बायकोबद्दल मी विचारलं नाही. त्यांची मुलगी ब्रिस्बेनला असते, एवढं एकदा बोलण्यात आलं होतं. पण परतीच्या वाटेवर कुठल्याशा गावात थांबून सारण भरून भाजलेले तिथले 'पाय' खायचो, तेव्हा ते मांस न खाणाऱ्या माझ्यासाठी भाजीचा 'पाय' आहे का, हे मला विचारू न देता स्वतःच आत जाऊन बघून यायचे.

मग मी रेंज ऑफिसरचा कोर्स केला. स्टेजवर झाडणाऱ्याच्या खांद्यामागे टायमर घेऊन चालणारा तो रेंज ऑफिसर. "आर यू रेडी?" "स्टँड बाय," आणि मग बीप. त्याचं खरं काम वेळ मोजणं नसतं. त्याने फक्त पिस्तूल बघायचं असतं. झाडणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली एक अदृश्य रेघ असते. नळी त्या रेघेच्या मागे आली की 'स्टॉप' म्हणायचं. मग तो माणूस कुणी का असेना, त्या दिवसापुरता बाद. शेजाऱ्यांनीच मला कोर्सला बसवलं होतं. "तू बडबड करत नाहीस," ते म्हणाले, "तुला दिसेल."

त्या वर्षी ते अधूनमधून चुकू लागले होते. एखादं टार्गेट राहूनच जायचं. गाडीत एकदा तीच गोष्ट त्यांनी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सांगितली. वय झालं, असं मला वाटलं, आणि त्यांनाही तसंच वाटत असेल असं वाटलं.

ऑक्टोबरात आमच्याच रेंजवर विभागीय मॅच झाली. हवा स्वच्छ होती, पाइनच्या झाडांतून वारा येत होता. मधली स्टेज माझ्याकडे होती. सुरुवात उजवीकडच्या भिंतीआड, मग डावीकडे पळत मधल्या खिडकीशी, तिथून पुढे कोपऱ्यात. शेजारी आले, मला डोळ्यांनीच ओळख दिली, डोळे मिटून उभे राहिले. मी विचारलं, "आर यू रेडी?" त्यांनी मान हलवली.

पहिली जागा त्यांनी इतकी सुरेख घेतली की मागे उभ्या असलेल्या कुणीतरी हलकेच शीळ वाजवली. पळताना मॅगझिन बदललं, तेही न बघता. मधल्या खिडकीत दोन गोळ्या झाडल्या. आणि थांबले.

मला वाटलं, काडतूस अडकलं. त्यांनी पिस्तुलाकडे पाहिलं, मग समोरच्या प्लायवुडकडे पाहिलं. मग ते वळले. स्वयंपाकघरातून कुणी हाक मारल्यावर माणूस वळतो तसे, सगळेच्या सगळे वळले, आणि त्यांच्याबरोबर पिस्तूल वळलं. बोट चापावर नव्हतं. इतक्या वर्षांच्या सवयीने ते बाजूला सरळ ठेवलेलं होतं. पण नळी माझ्या छातीवर होती. त्यांनी मला अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता कुठे?"

"स्टॉप," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांना तर कळलंच नाही. मी एक पाऊल पुढे होऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि ते बांधाकडे वळवलं. "स्टॉप. अनलोड अँड शो क्लिअर." ते शब्द मात्र त्यांच्या हातांना ओळखीचे होते. मॅगझिन काढलं, नळीतलं काडतूस काढलं, रिकामी नळी मला दाखवली, पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवलं. सगळं बिनचूक.

मॅच चालवणारा आला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "नळी कुठे होती?"

"माझ्याकडे."

त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं. बाद झालेला माणूस सहसा थांबतो, टार्गेटांवर चिकटपट्ट्या लावायला मदत करतो. शेजारी जाऊन गाडीत बसले आणि मॅच संपेपर्यंत बसून राहिले.

येताना गाडी मी चालवली. नदीवरचा पूल ओलांडला.

मग ते म्हणाले, "डॉक्टरने मार्चमध्येच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"डोक्याचं. विसरायला होईल, आणि वाढत जाईल."

मी गाडी कडेला घेतली. "आणि तरी तुम्ही आज पिस्तूल घेऊन आलात?"

"अजून एक उन्हाळा मिळेल असं वाटलं."

"ते माझ्या छातीवर होतं."

"माहीत आहे मला."

"नाही," मी म्हणालो. "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

घरी पोचल्यावर मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि आत गेलो.

त्या दिवशी पुण्यात अजून सकाळ होती. मी कार्ड खरवडून फोन लावला आणि बायकोला सगळं सांगितलं. इतकं सलग मी तिच्याशी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला काही झालं असतं तर मला कुणी कळवलं असतं?"

"शेजाऱ्यांनी," मी म्हणालो.

पुढे बरेच दिवस मी त्यांना टाळलं. स्टेशनवर जायला त्यांच्या दारावरून न जाता मागच्या रस्त्याने जाऊ लागलो. रविवारी गाडीचा आवाज येत नव्हता. ते घरीच असत. मी रागावलो होतो. पण घाबरल्याचाच तो राग होता, आणि घाबरलो कशाने, नळीने की 'आता कुठे' म्हणतानाच्या त्यांच्या चेहऱ्याने, हे काही केल्या ठरत नव्हतं.

मग एका संध्याकाळी ते दारात आले. आत यायला तयार नव्हते. "मी पोलिसांना फोन केलाय," ते म्हणाले. "पिस्तुलं न्यायला उद्या येतायत. तिथे कुणी असावं असं वाटतं."

मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. त्यांनी सगळी पिस्तुलं पुसून, तेल देऊन जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून मांडून ठेवली होती. आलेल्या दोघांनी नंबर तपासले, त्यांची सही घेतली, अदबीने बोलले आणि गेले. टॉवेलवर तेलाचे डाग तेवढे राहिले. शेजाऱ्यांनी तो घडी घालून धुवायला टाकला आणि चहा ठेवला.

"तुझ्यावर नळी आली हे मला आठवत नाही," ते म्हणाले. "मॅचवाल्यांनी सांगितलं म्हणून माहीत आहे. आठवत नाही त्याबद्दल माफी कशी मागायची, ते मला कळत नाही."

"राहू द्या."

"मी आधी सोडायला हवं होतं. पण रविवार सोडला तर मी कुणाशी बोलतो? तुला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. मी कपात दूध घातलं.

"रविवारी तरीही येत चला," मी म्हणालो. "चिकटपट्ट्या लावायला माणसं कमीच असतात."

ते आले. तो अख्खा उन्हाळा, तिथला डिसेंबर-फेब्रुवारीचा, त्यांना हवा होता तो, ते माझ्या गाडीतून येत राहिले. घडीच्या खुर्चीवर बसायचे, झाडणं झालं की सगळ्यांबरोबर जाऊन पुठ्ठ्यांवरची भोकं बुजवायचे. क्लबातल्या लोकांनी त्यांना कधी वेगळं वागवलं नाही. काही दिवशी माझी स्टेज ते आधीसारखी उलगडून दाखवायचे: "या कोपऱ्यातून दोन्ही दिसतात, पुढे जाऊच नकोस." काही दिवशी तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे, कोपरा बदलला तरी. मी प्रत्येक वेळी जाऊन बघून यायचो.

थंडी सुरू झाली तेव्हा मुलगी ब्रिस्बेनहून आली. ती वडिलांसारखीच कमी बोलणारी होती. घर विकायला काढलं आणि ती त्यांना घेऊन गेली. निघताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि कुंपणाची एक फळी सैल झालीय, असं सांगितलं. सुरुवातीला मी फोन करायचो तेव्हा ते मॅचबद्दल विचारायचे. पुढे मुलगीच बोलायची. "बाबा बरे आहेत, बागेत बसलेत," असं सांगायची. मग माझं फोन करणं हळूहळू कमी झालं, आणि एकदा केला तर नंबर बदललेला होता.

त्याच हिवाळ्यात बायकोचं आणि माझं बोलणं झालं. ती येणार नव्हती, मी जाणार नव्हतो. कुणाचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "सांभाळून राहा. ते पिस्तुलाचंही सांभाळून." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर घरात फक्त हीटरचा आवाज होता, आणि शेजारच्या घरातून, तिथे नव्याने आलेल्या कुटुंबाच्या टीव्हीचा.

मी पिस्तूल सोडलं नाही. वसंतातल्या पहिल्या मॅचला एकटाच गेलो. गाडीत रेडिओ लावला, मग बंद केला. स्टेज चालून बघताना लक्षात आलं की मी मराठीत पुटपुटतोय: इथून तीन, मग निघ, पळताना मॅगझिन, कोपऱ्यात वाक. आजूबाजूच्यांना ते विचित्र वाटलं नाही, तिथे सगळेच पुटपुटतात. टायमर वाजला आणि स्टेज ठरवल्याप्रमाणे झाली. फार वरचा नंबर आला नाही, पण एकही टार्गेट राहिलं नाही.

नंतर क्लबहाउसच्या पायरीवर बसून ब्रेडमध्ये कांदा घालून खात होतो, तेव्हा एक नवा सभासद जवळ आला. ट्रक चालवायचा, नुकताच या भागात राहायला आला होता. "तू मधल्या खिडकीत थांबलाच नाहीस," तो म्हणाला. "मी तर तिथे अडकलो. कसं काय?"

मी त्याला बसायला जागा करून दिली आणि सांगू लागलो. काडीने मातीत भिंती काढून दाखवल्या. त्याने शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. बोलता बोलता बाकीच्यांच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. शेवटी त्याने घड्याळात पाहिलं, "स्वीट ॲज, मेट," म्हणजे झकास, दोस्ता, असं म्हणाला आणि गेला. गेटची किल्ली त्या महिन्यात माझ्याकडे होती. मी पुठ्ठे शेडमध्ये ठेवले, दिवे बंद केले आणि गेटला कुलूप लावून निघालो.